जन्मस्थळाचा रकाना

आमच्या चर्चच्या, म्हणजे आम्ही म्हणतो तसं मंडळीच्या, नाताळ अंकाच्या संपादिकेनं मला नोकरीच्या आठवणी लिहायला सांगितल्या. मी म्हटलं, लिहीन, पण माझ्या दोन नातवंडांना सांगते आहे असं समजून लिहीन. नोएल आणि रिया कॅनडात असतात. मराठी वाचतात, पण बोट ठेवून वाचतात, त्यामुळे माझी वाक्यं आपोआप लहान राहतील. संपादिका म्हणाली, चालेल, फक्त शुद्धलेखन तुमचं तुम्हीच तपासा. ते तर मी आयुष्यभर दुसऱ्यांचंही तपासत आले आहे.

विषय नोएलनं दिला. मागच्या महिन्यात फोनवर त्यानं विचारलं, "आजी, शाळेत मुलं विचारतात, तू मुळात कुठला? मी काय सांगू?"

मी म्हटलं, "खरं असेल ते सांग. त्यात काय एवढं?"

फोन ठेवल्यावर मात्र माझं मलाच हे उत्तर टोचलं. कारण नोकरीत असताना एका मुलीच्या वतीनं याच प्रश्नाचं उत्तर मी दिलं होतं, आणि खोटं दिलं होतं.

मी जळगावात मुलींच्या एका ख्रिस्ती शाळेची मुख्याध्यापिका होते. शाळा मराठी माध्यमाची. माझं स्वतःचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, त्यामुळे शिक्षिका मला मागं 'गव्हर्नर' म्हणत. मला ते माहीत होतं आणि फारसं वाईट वाटत नसे.

मुख्याध्यापिकेचं काम म्हणजे मुलांना शिकवणं, असं तुम्हाला वाटत असेल. शिकवणं थोडं. बाकी सगळं कागद. आणि सगळ्या कागदांचा राजा म्हणजे जनरल रजिस्टर. जाड पुठ्ठ्याचं, दोन्ही हातांनी उचलावं लागेल असं पुस्तक. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलीला त्यात एक ओळ. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा. एकदा लिहिलं की खोडायचं नाही, पान फाडायचं नाही, रजिस्टर शाळेबाहेर न्यायचं नाही. मुलगी शाळा सोडते तेव्हा तिला जो दाखला मिळतो, तो याच ओळीची नक्कल असतो. पुढे नोकरी, लग्न, पासपोर्ट, सगळीकडे तो दाखला मागतात. शाळेला आग लागली तर आधी मुली बाहेर काढायच्या आणि मग रजिस्टर, असं मी नव्या शिक्षिकांना सांगत असे. त्या हसत. मी हसत नसे.

आता एवढं पवित्र पुस्तक, पण त्यात लिहिलेलं सगळं खरं असतं का? नाही. जून महिन्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून पावरा समाजाचे वडील मुलींना वसतिगृहात घालायला यायचे. एकाला मी विचारलं, "मुलीचा जन्म कधीचा?"

तो म्हणाला, "मोहाची फुलं पडत होती, बाई."

"कोणत्या वर्षी?"

त्यानं मुलीकडे पाहिलं, तिच्या डोक्यावर हात ठेवून उंची मापल्यासारखं केलं आणि म्हणाला, "तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. एक जून. अशा सगळ्या मुलांना महाराष्ट्रभर एक जून हीच तारीख मिळत आली आहे, कारण त्या तारखेनं पहिलीच्या वयाचं गणित जुळतं. तुमच्या आजोबांचाही वाढदिवस कागदावर एक जूनला असे, त्यांची आई मात्र तो थंडीत करी. हे खोटं आहे असं आम्हाला कुणालाच वाटत नसे. पालकाची अडचण सोडवली, असंच वाटायचं. ही सवय हाताला लागते. माझ्याही लागली होती.

ती मुलगी आली तो सोमवार होता. वार लक्षात राहायचं कारण आदल्या दिवशीचा उपदेश. पास्टरांनी परक्याचं स्वागत कसं करावं यावर पाऊण तास सांगितलं होतं. परका म्हणून जो तुमच्या दाराशी येतो तो प्रभूच असतो, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. मी बाकावर बसून विचार करत होते की माझ्या दाराशी कोण परकं येणार? गॅस सिलिंडरवाला.

सोमवारी अकराच्या सुमारास शिपाई देवचंदभाऊ आत आले. ते अमळनेरकडच्या खेड्यातले. माझ्याशी प्रमाण मराठी बोलायचं ठरवून सुरुवात करत आणि दुसऱ्या वाक्याला अहिराणीवर येत.

"मॅडम, बाहेर माणसं आली आहेत. सकायपाइन बठेल शेतस."

"सकाळपासून बसलेत? कोण आहेत?"

"माले नई माहीत. हिंदी बोलतंस, पन आपली हिंदी नई. म्हातारी शे एक. ती पानी बी पेत नई."

एक माणूस, त्याची म्हातारी आई आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी. माणसाचं नाव रमेशलाल. मुलीचं कोमल. हे सिंधी हिंदू कुटुंब पाकिस्तानातून, सिंध प्रांतातल्या घोटकी गावातून आलं होतं. जळगावात अशी बरीच कुटुंबं आहेत. फाळणीच्या वेळी तिकडे राहिलेली आणि पुढे एकेक करून इकडे आपल्या माणसांजवळ आलेली. ती लांब मुदतीच्या व्हिसावर राहतात, तो पुन्हा पुन्हा वाढवून घेतात आणि काही वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करतात. तोपर्यंत ती ना तिकडची, ना इकडची. रमेशलाल कापडाच्या दुकानात कामाला लागला होता.

त्यानं पिशवीतून पासपोर्ट, व्हिसाचे कागद, आणि मुलीच्या शाळेचा उजवीकडून डावीकडे लिहिलेला एक कागद टेबलावर मांडला. मला त्यातलं अक्षरही वाचता येईना. "मॅडम, दो स्कूल ने मना कर दिया," तो म्हणाला. "बोले, दाखिला लाओ. अब दाखिला लेने वापस जाऊं क्या?"

म्हातारी, जिला कोमल दादी म्हणायची, दाराजवळच उभी होती. मी खुर्ची दाखवली तरी बसेना. आधी प्रवेश, मग खुर्ची, असं तिनं ठरवलं असावं.

प्रवेश देण्यात काही अडचण नव्हती. आठवीपर्यंत दाखला नसला तरी वय पाहून वर्ग द्यावा, असा कायदाच आहे. मी पाचवी दिली. शिवणवर्गाच्या बाईंनी दोन दिवसांत गणवेश शिवला. दादीला भीती वाटायची, म्हणून ती पहिला महिनाभर रोज शाळा सुटेपर्यंत फाटकाशी बसून राहायची. मी तिची खुर्ची व्हरांड्यात आणवली आणि दुपारच्या चहात एक कप वाढवला. हे सगळं नीट झालं. यात बेकायदा काही नव्हतं. बेकायदा जे झालं ते मी आपल्या मनानं केलं.

रमेशलालनं प्रवेशअर्ज हिंदीत भरला होता. जन्मस्थळाच्या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'घोटकी, सिंध, पाकिस्तान'.

मी त्या रकान्याकडे बघत राहिले. वर्षभरापूर्वी एका ओळखीच्या शिक्षकानं मला त्याच्या शाळेतल्या अशाच एका मुलाची हकिगत सांगितली होती. वर्गात कुणीतरी त्याला पाकिस्तानी म्हणून चिडवलं, मग ते नावच पडलं, आणि मुलानं शाळा सोडली. माझ्याकडे असं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. रजिस्टरवरून वर्गाच्या याद्या होतात, याद्या मुलींच्या हाती पडतात, तपासणीला येणारे प्रश्न विचारतात. एक शब्द बदलला तर मुलगी सुरक्षित राहील.

आमचे लिपिक पाटील, त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. असोद्याहून रोज मोटरसायकलवर येत. मोत्यासारखं अक्षर, आणि स्वभावानं नियमाबाहेर एक पाऊल नाही. मी म्हटलं, "भाऊसाहेब, जन्मस्थळ जळगाव लिहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, पालकानं दिलंय घोटकी."

"मी सांगते ना. पोरीच्या भल्यासाठी आहे."

"भलं असेल. पण अर्जात एक आणि रजिस्टरात एक, असं मी कधी केलं नाही."

"मग आता करा."

"सांगू नका मॅडम, लिहा." त्यांनी अर्ज माझ्यापुढं सरकवला. "समासात लिहा, खाली सही करा. मग माझं पेन चालेल."

मला राग आला. तरी मी लाल पेनानं लिहिलं, 'जन्मस्थळ जळगाव असे नोंदवावे', आणि सही केली. भाऊसाहेबांनी त्यांच्या सुंदर अक्षरात रजिस्टरमध्ये जळगाव लिहिलं. पुढच्या रविवारी मी बाकावर नेहमीपेक्षा जरा ताठ बसले होते, हे मला कबूल केलं पाहिजे. उपदेश ऐकून दुसऱ्याच दिवशी तो पाळणारे लोक मंडळीत किती असतात?

कोमल हुशार निघाली. वसतिगृहातल्या मुलींनी तिला दिवाळीपर्यंत मराठी शिकवली, आणि अर्थातच जी शिकवली ती खानदेशी. सातवीत ती वक्तृत्वस्पर्धेत बक्षीस घेऊन आली. ती आठवी संपवून नववीत गेली तेव्हा मी निवृत्त झाले आणि धुळ्याला आमच्या जुन्या घरी राहायला आले. वर्षभरानं भाऊसाहेब गेले. हृदयविकारानं, अगदी अचानक.

मग एके दिवशी फोन आला. "मॅडम, मी कोमल. आठवते का?"

आवाज मोठा झाला होता, बोलणं तेच. ती अठराची झाली होती. घरच्यांनी नागरिकत्वाचे अर्ज भरले होते. त्यात तिचा शाळेचा दाखला जोडला होता.

"मॅडम, दाखल्यावर जन्मस्थळ जळगाव आहे. पासपोर्टवर घोटकी आहे. कलेक्टर कचेरीत विचारतात, यातला खोटा कागद कोणता?"

मी जवळची खुर्ची ओढून बसले.

"बाबांना म्हणाले, शाळेत खोटी माहिती दिली असेल तर तुमचा सगळाच अर्ज अडचणीत येईल. बाबा आठ दिवस नीट जेवले नाहीत. दाखला माझ्याकडेच असायचा, त्यांनी तो कधी उघडून पाहिलाच नव्हता. मी दहावीला पाहिलं. मला वाटलं, मॅडमनी लिहिलंय म्हणजे तसंच लिहायचं असेल."

"तू उद्या इकडे ये," मी म्हटलं. "आपण बसून बघू."

"येता येत नाही ना मॅडम. जिल्ह्याबाहेर जायचं तर पोलिसांची परवानगी लागते. धुळे दुसरा जिल्हा."

मी तिला आठ वर्षं जळगावची करून ठेवली होती आणि तिला अडीच तासांवर मला भेटायला येण्याची मुभा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच एस.टी.त बसले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. कुणी मला काही विचारलं नाही.

शाळेतल्या नव्या मुख्याध्यापिका एकेकाळी माझ्याच हाताखाली शिक्षिका होत्या. त्यांनी रजिस्टर काढून समोर ठेवलं. ती ओळ, ते मोत्यासारखं अक्षर. त्यांनी हळूच सांगितलं, "मॅडम, मुलगी शाळा सोडून गेल्यावर नोंद बदलता येत नाही. लिहिण्यातली चूक असेल आणि पुरावा असेल, तरच शिक्षणाधिकारी परवानगी देतात."

तेवढ्यात शाळा समितीचे सचिव आले. शमुवेल नाना. मंडळीतले वडील माणूस, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांना कुणीतरी कळवलं होतं.

"सरोजबाई, काळजी करू नका," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "एक शब्द लिहायचा. नजरचूक. लिपिकाच्या नजरचुकीने जळगाव असे लिहिले गेले. संपलं."

"नाना, ती नजरचूक नव्हती."

"मला ठाऊक आहे. पण लिहिणारे भाऊसाहेब आता नाहीत. प्रभूनं त्यांना विसावा दिला. त्यांना कोण विचारायला जाणार?"

"त्यांच्या पत्नी आहेत असोद्यात."

"त्यांना कोण सांगणार?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, तुम्ही खरं लिहिलंत तर उद्या गावात काय बोलतील? ख्रिस्ती शाळेनं पाकिस्तानच्या मुलीचे कागद बनवले. कशासाठी बनवले, ते लोक आपल्या मनानं ठरवतील. तुम्ही धुळ्याला निघून जाल. इथे आम्हाला राहायचंय. शाळा चालवायचीय."

नानांचं भय खोटं नव्हतं, हे मला तुम्हाला सांगायला हवं. आपली माणसं त्या गावात मूठभर. शाळेच्या फाटकावरचा क्रूस पाहून आत काय चालतं याच्या कल्पना करणारे लोक सगळीकडे असतात. नाना वाईट माणूस नव्हते. त्यांच्या मुलींची आणि माझ्याही मुलीची शाळा तीच होती. मी म्हटलं, "मला उद्यापर्यंत वेळ द्या." आणि कोमलच्या घरी गेले.

दोन खोल्या. दादीनं दार उघडलं, मला ओळखलं आणि मी नको म्हणेपर्यंत तव्यावर कोकी टाकली. कोकी म्हणजे त्यांची कांदा घातलेली जाड पोळी. रमेशलाल दुकानातून आला आणि हात जोडून उभाच राहिला, जणू गुन्हा त्यानं केला होता. मी त्यांना काय झालं ते सगळं सांगितलं. अर्ज, लाल पेन, भाऊसाहेब. माफी मागितली. मला वाटलं होतं, हे काम सगळ्यात अवघड जाईल. तसं नव्हतं. अवघड त्यानंतर होतं.

कोमल म्हणाली, "पण मॅडम, तुम्ही लपवलं कुणापासून? वर्गात तर सगळ्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मी घोटकीची ते. पहिल्याच दिवशी विचारलं मुलींनी, मी सांगितलं. मग माझं नावच पडलं. ए घोटकी, इकडं ये. ए घोटकी, बॉल टाक. तुम्ही आलात की गप्प व्हायच्या."

"चिडवायच्या?"

"एक-दोघी चिडवायच्या सुरुवातीला. मी एकीची वेणी ओढली. मग नाही चिडवलं."

म्हणजे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त रजिस्टरला.

दादी तव्यापाशी पाठमोरी होती. तिला मराठी बोलता येत नसे, पण समजायला लागलं होतं. ती न वळता म्हणाली, "आपने रोटी दी, कुर्सी दी, चाय दी. हम भूले नहीं. पर हमारे गांव का नाम आपने हमसे पूछे बगैर फेंक दिया. उधर मेरे आदमी की राख है, बेटी."

रमेशलाल घाबरून म्हणाला, "अम्मा, मॅडम को ऐसे नहीं बोलते." 

"मॅडम को ही बोलते हैं," दादी म्हणाली आणि कोकी माझ्या ताटात घातली.

मी खाल्ली. न खाऊन काय सांगणार होते? मग मी त्यांना नानांचा उपाय सांगितला. कारण आता त्यांना न विचारता मला काही ठरवायचं नव्हतं.

कोमलनं विचारलं, "नजरचूक लिहिलं तर काम होईल?"

"बहुतेक होईल."

"पण मग ते म्हणतील, लिपिकाची नजर चुकली का बाबांनीच तसं सांगितलं, हे कशावरून? बाबांनी काय लिहून दिलं होतं, ते कुठं दिसतं?"

वक्तृत्वस्पर्धेचं बक्षीस तिला उगीच मिळालं नव्हतं. तिनं नेमकी जागा दाखवली. रमेशलालनं खरं लिहिलं होतं याचा पुरावा जगात एकच होता. तो प्रवेशअर्ज. आणि त्याच अर्जाच्या समासात माझा लाल शेरा आणि सही होती. अर्ज पुढे ठेवला तर बाप सुटेल आणि मी अडकेन. अर्ज न ठेवता नजरचूक म्हटलं तर मी सुटेन, मेलेला माणूस अडकेल, आणि बापाच्या नावावरचा संशय तसाच राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले तेव्हा देवचंदभाऊ झाडलोट करत होते. त्यांची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती.

"देवचंदभाऊ, जुने प्रवेशअर्ज आहेत की रद्दीत गेले?"

त्यांना ते लागलं. "रद्दीत? मी असताना? बठ्ठा गठ्ठा मी सोता बांधेल शेतस. वरीस सांगा फक्त."

मी वर्ष सांगितलं. जिन्याखालच्या खोलीत त्यांनी स्टुलावर चढून लाल फडक्यात बांधलेला एक गठ्ठा उतरवला. धूळ झटकली, गाठ सोडली, आणि अर्ज एकेक उलटत मला देऊ लागले. अर्ज क्रमवार लावलेले होते. भाऊसाहेबांचं काम. कोमलचा अर्ज सापडला. कागद पिवळा पडला होता, पण लाल शाई अजून लाल होती. मी तो हातात घेऊन खिडकीशी उभी राहिले.

देवचंदभाऊंनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, सही पाहिली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. ते आठवी शिकलेले होते. त्यांना सगळं समजलं.

"बाई," ते म्हणाले, "हाऊ कागद माले दिसना नई, आसं मी म्हनू शकस."

कागद दिसलाच नाही असं सांगायची तयारी त्यांनी प्रेमानं दाखवली होती. नाना जे म्हणाले तेही प्रेमानंच. मी आठ वर्षांपूर्वी जे केलं तेही प्रेमानंच केलं होतं. मी मनात प्रार्थना केली, पण मोठी नाही. एवढंच म्हटलं की मला आता हुशारी सुचू देऊ नकोस.

"नको," मी म्हटलं. "चला, याची झेरॉक्स काढायचीय."

मुख्याध्यापिकांच्या टेबलावर बसून मी निवेदन लिहिलं. पालकांनी जन्मस्थळाची माहिती खरी दिली होती. चुकीची नोंद करण्याची लेखी सूचना मी दिली. लिपिकांनी त्याला आक्षेप घेतला होता. चूक नजरेची नसून विचाराची आहे. सोबत मूळ अर्ज. खाली सही केली, तीच सही जी समासात होती. नाना आले, त्यांनी वाचलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि निघून गेले.

शिक्षण कार्यालयातल्या अधिकारी तरुण होत्या. त्यांनी निवेदन दोनदा वाचलं, अर्ज आणि रजिस्टरची नक्कल शेजारी ठेवून पाहिली.

"मॅडम, तुम्ही असं का केलंत?"

"मला वाटलं, मुलीला त्रास होईल."

"झाला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी निवेदनातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यावर पेन्सिलीनं रेघ मारली. विचाराची चूक वगैरे निवेदनात लागत नाही, म्हणाल्या, नुसती वस्तुस्थिती द्या. मी पुन्हा लिहून दिलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या उताऱ्यांतली अशीच वाक्यं कापत आले होते.

पुढे काय झालं ते थोडक्यात. माझ्याकडून खुलासा मागवला गेला, तो मी दिला, आणि मला लेखी ताकीद मिळाली. पेन्शनला हात लागला नाही, ही त्यांची कृपा. शाळेच्या सल्लागार समितीवर माझं नाव होतं, ते समितीनं काढलं. गावात थोडं बोललं गेलं, नानांना वाटलं होतं तितकं नाही, पण थोडं तर गेलंच, आणि ते शाळेला ऐकून घ्यावं लागलं. नाना माझ्याशी दोन नाताळ बोलले नाहीत. तिसऱ्या नाताळाच्या आधी ते वारले. हे माझ्या मनात राहिलं आहे, आणि राहणार. मी असोद्याला जाऊन भाऊसाहेबांच्या पत्नीला सगळं सांगून आले. त्या म्हणाल्या, "त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं त्या दिवशी. म्हणाले, मॅडम चांगल्या आहेत, पण ऐकत नाहीत."

त्या मोहाच्या फुलांच्या वडिलांचीही मला आता आठवण येते. त्यांच्या मुलीच्या दाखल्यावर एक जून आहे. तिथे मी काय लिहायला हवं होतं, हे मला अजून सांगता येत नाही.

कोमलला नागरिकत्व मिळालं, अर्ज पुन्हा हालल्यावर सव्वा वर्षानं. शपथ घेतली तेव्हा मी तिथं नव्हते. ती फोनवर इतकी भरभर बोलत होती की मला फक्त शेवटचं वाक्य कळलं. ती म्हणाली, "मॅडम, आता मी धुळ्याला येते."

पण ज्या दिवशी नोंद दुरुस्त झाली, त्या दिवशी मी शाळेत होते. परवानगीचा आदेश आला होता. मुख्याध्यापिकांनी मला मुद्दाम बोलावलं आणि कोमलच्या घरच्यांनाही. नव्या लिपिकबाई पंचविशीतल्या. त्यांनी जुन्या शब्दाखाली रेघ मारली, कारण खोडायचं नसतंच. वर लाल शाईनं नवीन लिहिलं, शेजारी आदेशाचा क्रमांक. गावाचं नाव लिहिताना त्या थांबल्या. "घो ऱ्हस्व की दीर्घ?"

"घो ला ऱ्हस्व-दीर्घ नसतं," मी आणि कोमल एकदम म्हणालो. लिपिकबाई लाजल्या आणि त्यांनी बरोबर लिहिलं.

दादी यावेळी कुणी न सांगता खुर्चीत बसली होती. शाई वाळल्यावर तिनं रजिस्टर आपल्याकडे वळवून घेतलं. तिला कुठलीच लिपी येत नव्हती. तिनं विचारलं, "किधर लिखा है?"

मी तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं.

"पढ़ो."

मी वाचलं, "जन्मस्थळ, घोटकी. प्रांत, सिंध. देश, पाकिस्तान."

तिनं बोट उचललं नाही. रमेशलाल दाराकडे तोंड करून उभा होता.

"फिर से पढ़ो, बेटी."

मी पुन्हा वाचलं.